घरच्या बॅकअपला जागा का पुरत नाही?

मंडळी, बॅकअप घ्यायला पाहिजे, हे आता बहुतेकांना पटलंय. आज आपण त्याच्या पुढची अडचण पाहू: डिस्क भरली की करायचं काय?

१ टीबीची डिस्क लावली की विंडोज ९३१ जीबीच दाखवतं. यात दुकानदाराची फसवणूक नाही. कंपनी १०००च्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या.

आता हिशोब मांडू. समजा, घरच्या संगणकात २०० जीबी साठा आहे. दर रविवारी पूर्ण बॅकअप घेतला, तर चार रविवारी डिस्क भरते. पाचव्या वेळी आपण काय करतो? जुनं सगळं पुसतो अन् नवा बॅकअप लावतो. धोका नेमका इथं आहे. तेवढ्या वेळात मशीनची मूळ डिस्कच गेली, तर हातात जुनाही नाही, नवाही नाही.

याला उपाय वाढीव बॅकअपचा. महिन्यातून एकदा पूर्ण, अन् रोज फक्त बदललेलं तेवढंच. रोज २ जीबी बदल धरला, तर महिन्याचे ६०. म्हणजे एका महिन्याची साखळी २६० जीबीची. अशा तीन साखळ्या ७८० जीबीत बसतात. त्याच डिस्कवर एका महिन्याऐवजी तीन महिने मागं जाता येतं. मात्र साखळीतली एक कडी तुटली, की पुढच्या निकामी होतात. म्हणून नंतरच्या साखळीतला पूर्ण बॅकअप उघडून पाहिल्याशिवाय सगळ्यात जुनी साखळी पुसायची नाही.

दुसरी गोष्ट निवडीची. सातबारा सरकारी संकेतस्थळावरून पुन्हा काढता येतो. सिनेमे, सॉफ्टवेअर पुन्हा मिळतात. आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या पुन्हा मिळत नाहीत. आधी त्यांना जागा द्या. दुकानाचा हिशोब तर जागा खातच नाही, पण गेला की हाल होतात. व्हिडिओ मात्र जागा खातात, अन् झिप करून फारसे आटत नाहीत. ते आधीच दाबलेले असतात. लग्नाचा एकच व्हिडिओ तीन फोल्डरांत पडलेला असतो, तो आधी शोधा.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम लक्षात ठेवा: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. आपण हदगावात राहत असू, तर एक डिस्क नांदेडच्या बहिणीकडं ठेवा. दिवाळीला बदलून आणा. अन् घरातली डिस्क काम झालं की काढून ठेवा. लावलेलीच राहिली, तर व्हायरस मशीनसोबत तिलाही धरतो.

आज घरी गेल्यावर एवढंच करा: बॅकअपमधली एक फाइल परत काढून उघडून बघा. उघडली, तरच तो बॅकअप.