मरुभूमीची जत्रा आणि पहिली घटका

भाद्रपद शुद्ध द्वितीया उजाडते तेव्हा महाराष्ट्रातील घराघरांत गणरायाच्या आगमनाची लगबग चालू असते. मखर सजत असते, माहेरवाशिणी हरितालिकेच्या तयारीत असतात. नेमक्या याच तिथीला राजस्थानच्या पश्चिम टोकाला, जैसलमेर जिल्ह्यातील थरच्या वाळवंटात, एक मोठी जत्रा सुरू होते. तेथील लोक या तिथीला ‘बाबेरी बीज’ म्हणतात. पोकरणपासून सुमारे १२ किलोमीटरवर असलेल्या रामदेवरा ऊर्फ रुणिचा या गावी लोकदेव रामदेवजींची समाधी आहे. द्वितीयेपासून एकादशीपर्यंत तेथे लक्षावधी भाविक लोटतात. राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश येथून तर ते येतातच. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेली राजस्थानी कुटुंबेही या ओढीने गावाकडची वाट धरतात.

रामदेवजी हे तंवर कुळातील राजपूत. हिंदू त्यांना श्रीकृष्णाचा अवतार मानतात, तर मुसलमान भाविक त्यांनाच ‘रामसा पीर’ म्हणून नमस्कार करतात. ज्यांना समाजाने दूर लोटले त्यांना त्यांनी जवळ केले. त्यांची धर्मभगिनी मानली गेलेली डालीबाई हिचीही समाधी त्यांच्या समाधीशेजारीच आहे. आजचे मंदिर बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांनी १९३१ मध्ये समाधीभोवती बांधविले. खांद्यावर पंचरंगी नेजा, ओठी बाबांचे नाव आणि पायांखाली तापलेला रस्ता, असे हे ‘जातरू’ कित्येक दिवस चालत येतात. जोधपूरहून निघणारे भाविक प्रथम मसुरिया टेकडीवर बाबांचे गुरू बालीनाथ यांचे दर्शन घेतात आणि मग सुमारे १८० किलोमीटरची वाट चालू लागतात.

या वाटेचे माहात्म्य गाणारे पुष्कळ आहेत. आज आम्हांला वाचकांशी बोलायचे आहे ते या वाटेवरील देहाच्या रक्षणाविषयी. सणाच्या पानावर औषधपाण्याची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. पण मरुभूमीत गाव गावापासून दूर असते आणि वैद्य त्याहून दूर असतो. तेथे माणूस कोसळला की त्याचे पुढे काय होणार, हे पुष्कळदा पहिल्या घटकेतच ठरते. घटका म्हणजे २४ मिनिटे. ती घटका वैद्याच्या हाती नसते, सोबत चालणाऱ्याच्या हाती असते.

प्रपा आणि आरोग्यशाळा

आपल्या धर्मशास्त्राने इष्ट आणि पूर्त असे कर्माचे दोन भाग सांगितले. यज्ञयाग हे इष्ट. विहिरी, तळी, धर्मशाळा आणि प्रपा म्हणजे पाणपोया हे पूर्त. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने आपल्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’च्या दानखंडात आरोग्यशाळेच्या दानाचे पुराणवचन संग्रहित केले आहे. औषधांचा साठा आणि जाणता वैद्य यांच्यासह रुग्णांसाठी शाळा उभारणे हे मोठ्या पुण्याचे दान मानले गेले. महाराष्ट्राच्या भूमीत सातशे वर्षांपूर्वी ग्रथित झालेला हा विचार मारवाडच्या वाळूत आजही जिवंत दिसतो. एका भाद्रपदात आम्ही पोकरण ते रामदेवरा ही वाट पायी चाललो, तेव्हा थोड्या थोड्या अंतरावर तंबू लागलेले पाहिले. कोठे ताक, कोठे बाजरीची राबडी, कोठे गरम पाण्याने पाय शेकणे, कोठे फोडांवर मलमपट्टी. पंढरीच्या वारीत वारकऱ्यांचे पाय चेपणारे हात आठवले. शासनाची तात्पुरती वैद्यकीय पथके मेळ्यात असतात, पोकरणला शासकीय रुग्णालय आहे आणि गंभीर रुग्णाला जोधपूरला हलविता येते. परंतु तंबू आणि तंबू यांच्या मधल्या ओसाड पट्ट्यात जे घडते, त्याला सोबती हाच आधार असतो.

उन्हाचा घाला

रामदेवऱ्याच्या शेजारच्या फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. भाद्रपदात ऊन इतके प्रखर नसते हे खरे, पण पावसाच्या दोन सरींमध्ये हवा कोंदट होते, घाम वाळत नाही आणि देहाचा ताप बाहेर पडत नाही. त्यातच उपवास, रात्रीच्या ‘जम्म्या’तील जागरण आणि दिवसाची चाल.

उन्हाने दोन प्रकारे माणूस आजारी पडतो. पहिल्यात थकवा, भोवळ, मळमळ आणि दरदरून घाम असतो. माणूस शुद्धीवर असतो. त्याला सावलीत निजवावे, पाय उंच ठेवावे, साखर-मिठाचे पाणी घोट घोट द्यावे. दुसरा प्रकार प्राणघातक. देहाचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते, अंग भट्टीसारखे तापते आणि माणूस असंबद्ध बोलू लागतो, झोकांड्या खातो किंवा बेशुद्ध पडतो. हा खरा उष्माघात.

येथे भाविकांनी एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी. त्या वाटेवर आम्ही एका तरुणाला रस्त्याच्या कडेला बरळताना, हातवारे करताना पाहिले. त्याच्या संघातील माणसे हात जोडून उभी होती. त्यांना वाटले, अंगात बाबांचा संचार झाला. जवळच्या तंबूतील एक सेवेकरी बाई धावत आल्या, कपाळाला हात लावला आणि हांड्यातील पाणी त्याच्या अंगावर ओतू लागल्या. “पहले ठंडा करो, पीछे ले जाओ,” एवढेच त्या बोलत होत्या. दोन माणसे उपरण्यांनी वारा घालू लागली. थोड्या वेळाने तो तरुण आपले नाव सांगू लागला, मग त्याला गाडीत घातले.

त्या बाईंच्या त्या एका वाक्यात सारे वैद्यक आले. आधी थंड करावे, मग न्यावे. कपडे सैल करून सर्वांगावर पाणी ओतावे, सतत वारा घालावा, बर्फ असल्यास मान, काखा आणि जांघा येथे लावावा. हे पहिल्या अर्ध्या तासात झाले तर प्राण वाचण्याची आशा मोठी. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात मात्र पाणी किंवा तीर्थही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळवावे. उन्हात चालणारा भाविक अकस्मात बरळू लागला, तर संचाराचा विचार मागे ठेवून प्रथम त्याच्या कपाळाला हात लावावा.

साखर-मिठाच्या पाण्याचे प्रमाण घरातल्या मुलांनाही पाठ असावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत पटकीचे थैमान चालू असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच द्रावणाने असंख्य प्राण वाचविले. भारत सरकारने २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले. जत्रेत उष्म्याइतकेच हगवणीचेही भय असते. दोन्हींवर पहिला उतारा हाच.

‘पीवणा’ आणि आपले शास्त्र

दिवसाचे ऊन टाळण्यासाठी जातरू रात्री चालतात आणि तेथे दुसरे संकट दबा धरून असते. थरमध्ये ‘पीवणा’ नावाच्या सापाची दंतकथा आहे. तो निजलेल्या माणसाच्या छातीवर बसून श्वास पिऊन टाकतो आणि सूर्योदयापूर्वी माणूस मरतो, असे लोक सांगतात. ही कथा निराधार नाही, फक्त तिचा अर्थ उकलावा लागतो. हा साप म्हणजे मण्यारीच्या जातीचा. त्याचे दात इतके बारीक की दंश पुष्कळदा जाणवत नाही, खूण दिसत नाही. जमिनीवर निजलेल्याला तो रात्री चावतो. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. विष श्वासाचे स्नायू लुळे करते. तेच लोकांनी ‘श्वास पिणे’ म्हटले. उपायही सोपा आहे. उघड्या जमिनीवर निजू नये. बाज घ्यावी, नाहीतर मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचून निजावे. अंधारात चालताना विजेरी हाती असावी; वाळूत फुरसेही असते.

सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानात सापांचे दर्वीकर, मंडली आणि राजिमंत असे भेद सांगितले. फणा असलेला नाग, अंगावर मंडले असलेले घोणस-फुरशांचे कुळ आणि अंगावर रेषा असलेली मण्यार, अशी त्यांची ओळख आज पटते. दंशाच्या वर बंध बांधणे, छेद देणे, शोषून घेणे हे उपाय त्यांनी सांगितले आणि मंडली सापाच्या दंशावर डाग देऊ नये, असा अपवादही त्यांनीच सांगितला. जे दिसले त्याप्रमाणे नियमाला मर्यादा घालणारे ते आचार्य होते. आज प्रतिविष उपलब्ध आहे आणि अनुभवाने कळले आहे की घट्ट बंधाने अवयव सडू शकतो, छेदाने रक्त थांबत नाही, शोषून विष निघत नाही. म्हणून बंध, छेद, शोषण हे तिन्ही आज वर्ज्य समजावे. संस्कृत ग्रंथांच्या संगतीत आयुष्य घालविलेले आम्ही हे नि:शंकपणे लिहितो. आचार्य आज असते तर त्यांनीही हेच सांगितले असते.

करावे ते एवढेच. रुग्णाला धीर द्यावा आणि चालू देऊ नये. बांगड्या, कडे, अंगठी काढावी. हाडमोडीला बांधतात तशी फळी दंशाच्या अवयवाला सैलसर बांधून तो हलू देऊ नये. वेळ टिपून ठेवावी. सापाच्या मागे धावू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या गाडीने थेट रुग्णालय गाठावे. आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बनते. मात्र ते मुख्यत्वे तामिळनाडूतील सापांच्या विषापासून तयार होत असल्याने थरमधील फुरशावर ते कमी पडते आणि अधिक कुप्या लागतात. म्हणून तेथे उशीर अधिकच महाग पडतो.

आणि उशीर कोठे होतो? पुष्कळदा देवाच्या दारात. गोगाजी, तेजाजी यांच्या थानांवर दंश झालेल्यास नेण्याची रीत त्या प्रांती आहे. सर्पदंशाने गेलेल्या मुलाला रामदेवजींनी उठविले, अशी कथाही भाविक गातात. ती कथा आम्हीही हात जोडून ऐकतो. पण भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. केंद्र सरकारने २०२४ मध्ये राष्ट्रीय कृतियोजना जाहीर केली आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे ठरविले. नवस जरूर बोलावा, पण तो गाडीत बसून बोलावा; रुग्ण बरा झाल्यावर नारळ घेऊन थानावर जावे. देव वाट पाहतो, विष वाट पाहत नाही.

विंचवाचेही तसेच. नुसती वेदना असेल तर भय थोडे. पण दंशानंतर थंड घाम, उलटी, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसली, विशेषत: मुलात, तर हृदयावर घाला आहे असे जाणावे. कोकणात महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाने असे रुग्ण वाचविण्याची रीत रूढ केली. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या मातीतल्या वैद्याचे हे काम आज दूरदूरच्या रुग्णांच्या कामी येते.

तयारी हेच व्रताचे अंग

गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी शास्त्राला सोडून देह शिणविणाऱ्या तपाला आसुरी म्हटले आहे. औषधाची गोळी चुकवून केलेला उपवास, मधुमेह असता तापल्या डांबरावर अनवाणी चाल ही त्याच जातीची होत. मधुमेह्याच्या पायाला चटका कळत नाही. फोड दिसेपर्यंत जखम खोल गेलेली असते. अशांनी पायताण घालावे, ते नवे नसावे आणि रोज रात्री पाऊल उजेडात पाहावे. फोड फोडू नये, स्वच्छ पट्टीने झाकावा. इन्सुलिन लागणाऱ्यांनी कुपी कोरड्या पिशवीत बांधून लहान मडक्यात ठेवावी आणि ते मडके ओल्या वाळूच्या मोठ्या मडक्यात बसवावे. मरुभूमीची कोरडी हवाच त्याला गारवा देते.

संघ निघण्यापूर्वी प्रत्येकाने नाव, व्याधी, चालू औषधे आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवावी. पडशीत पाण्याची छागल, साखर-मिठाच्या पुड्या, पट्ट्या, विजेरी आणि स्वत:ची औषधे असावीत. रात्री पाठीवर चकाकणारी पट्टी शिवावी आणि समोरून येणारी गाडी दिसेल अशा, म्हणजे उजव्या, कडेने चालावे. प्रत्येक दहा माणसांत एकाने तरी वर सांगितलेली लक्षणे पाठ केलेली असावीत. नेजा कोणी धरायचा हे आपण आधी ठरवितो, तसेच हेही आधी ठरावे.

वाचकांपैकी कोणी रामदेवऱ्याला जाईल, कोणी पंढरीला, कोणी आपल्या गावच्या डोंगरावरील देवीला. वाट कोणतीही असो, शेजारी चालणारा कोसळला तर ती पहिली घटका आपली आहे. ती वाया न जावो आणि निघालेला प्रत्येक भाविक देवदर्शन घेऊन सुखरूप घरी परतो, हीच गणरायाच्या आणि रामदेवजींच्या चरणी प्रार्थना.