जुने कर्ज, वसुली एजंट आणि आपले हक्क

जुन्या करारातील अनुवाद या ग्रंथाच्या 24 व्या अध्यायात सावकाराला एक आज्ञा दिलेली आहे. तारण घेण्यासाठी त्याने ऋणकोच्या घरात शिरू नये. बाहेर थांबावे आणि ऋणकोने ते स्वतः आणून द्यावे. कर्ज फेडायचे असतेच, परंतु ऋणकोच्या उंबरठ्याचाही मान राखायचा असतो, हा त्यातील बोध होय.

अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबे आजारपण, शिक्षण किंवा घरदुरुस्तीसाठी कर्ज काढतात. नोकरी जाते, हप्ते थकतात आणि काही वर्षांनी वसुलीसाठी अनोळखी माणूस दारात उभा राहतो. अशा वेळी घाबरून कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी कायदा काय सांगतो, हे आपण समजून घेऊ या.

मुदत कायदा, 1963 नुसार साध्या कर्जाच्या वसुलीचा दावा सर्वसाधारणपणे तीन वर्षांत दाखल करावा लागतो. घर गहाण असेल तर ही मुदत बारा वर्षांची आहे. समजा, 1 जून 2022 रोजी पैसे परत करण्याचे वचन देऊन कोणी वचनचिठ्ठी लिहून दिली आणि पुढे काहीच घडले नाही, तर जून 2025 नंतर त्यावरील दावा मुदतबाह्य ठरतो. हप्त्यांच्या कर्जात प्रत्येक हप्त्याची तारीख पाहावी लागते. कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीतून वगळला आहे, हेही ध्यानात ठेवावे.

मुदत संपण्यापूर्वी कर्ज मान्य असल्याची लेखी कबुली सहीनिशी दिली, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने सुरू होते. थोडी रक्कम भरून तशी लेखी नोंद केली, तरी तेच घडते. मुदत संपल्यानंतर केवळ तोंडी कबुलीने दावा जिवंत होत नाही. मात्र कर्ज फेडण्याचे सहीचे लेखी वचन दिल्यास करार कायदा, 1872 च्या कलम 25 नुसार ते बंधनकारक होते. म्हणूनच एजंटने पुढे केलेला कागद वाचल्याशिवाय त्यावर सही करू नये.

पतपेढीच्या सभासदांनी अधिक सावध राहावे. सहकारी संस्थेने सभासदाकडून करावयाच्या वसुलीची मुदत तो सभासद मरण पावल्यापासून किंवा त्याचे सभासदत्व संपल्यापासून मोजली जाते. त्यामुळे तीन वर्षे उलटली म्हणून तेथे निश्चिंत राहता येत नाही.

वसुलीच्या पद्धतीलाही मर्यादा आहेत. रिझर्व्ह बँकेच्या 12 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकानुसार बँका व वित्तसंस्थांच्या एजंटांनी सकाळी 8 पूर्वी आणि सायंकाळी 7 नंतर वसुलीचे फोन करू नयेत. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान आणि नातेवाईक वा मित्रांना त्रास देणे यांस मनाई आहे. एजंटकडे ओळखपत्र व बँकेचे अधिकारपत्र मागावे. केवळ कर्ज थकले म्हणून अटक होत नाही; परंतु धनादेश न वटल्याची नोटीस आली, तर विलंब न करता वकिलाला भेटावे.

त्रास होत असल्यास फोनची तारीख व वेळ लिहून ठेवावी आणि प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर मिळाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. धमकी आल्यास पोलीस ठाणे गाठावे. ज्यांना वकील परवडत नाही त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट नाही.

आता प्रश्न उरतो विवेकबुद्धीचा. ‘बॉम्बे डाईंग’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की मुदत संपल्याने न्यायालयाचा मार्ग बंद होतो, कर्ज नाहीसे होत नाही. ज्याने आपल्या अडचणीत विश्वासाने पैसे दिले, त्याचे ऋण कुवतीप्रमाणे फेडणे हे आपले ख्रिस्ती कर्तव्य आहे. मात्र ते हिशेब तपासून, पावती घेऊन आणि ताठ मानेने फेडावे. शेजारच्या घरी असा प्रसंग ओढवला असेल, तर कुजबूज न करता त्या कुटुंबासोबत बसावे आणि त्यांचे कागद वाचून पाहावेत. प्रभूच्या नावाने करता येईल अशी तीही एक सेवाच आहे.