कानातील वायर आणि दुकानातील गल्ला

बारामतीहून नीरेकडे जाणाऱ्या रस्त्यावर माळेगावच्या साखर कारखान्याचा परिसर मागे पडला की पणदरे लागते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला हा उसाचा पट्टा. हंगाम सुरू झाला की रात्रंदिवस उसाचे ट्रॅक्टर धावतात. एमआयडीसीतील कामगार, कॉलेजला एसटीने जाणारी मुले, ट्रॅक्टरवरचे ड्रायव्हर असे सारेच मोबाईलवर काही ना काही ऐकत असतात. कुणाच्या कानात वायर असते, तर कुणाच्या कानात बिनवायरीचे पांढरे बोंडूक! या ऐकण्यावर ज्यांचे पोट चालते अशा दुकानदारांत आणि दुरुस्ती कारागिरांत आमचे अनेक व्यवसायबंधू आहेत. म्हणून वायरचा हेडफोन चांगला की बिनवायरीचे बड्स, हा प्रश्न आम्ही या वेळी या पानावर घेतला आहे. गिऱ्हाईकासाठी तो आवडीनिवडीचा प्रश्न असेल, पण दुकानदाराचे भांडवल आणि कारागिराचा हात त्यात गुंतलेला आहे.

या भागातील एका लहानशा मोबाईल दुकानात आम्ही तासभर बसलो होतो. दुकान चालविणाऱ्या तरुणाचे वडील पूर्वी रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करीत. कैय्या तोच आहे, फक्त टेबलावरची वस्तू बदलली. आम्ही बसलो असताना एक ट्रॅक्टर ड्रायव्हर आला. "भाई, एकाच कानात वाजतंय बघा. दुसरा पार मुका झालाय." तरुणाने वायर पिनेजवळ धरून थोडी वाकवली, तसा दुसरा कान क्षणभर वाजला. दोष सापडला. पिन कापली, नवी लावली, दहा-पंधरा मिनिटांत काम झाले आणि चाळीस रुपये गल्ल्यात पडले. थोड्या वेळाने एक विद्यार्थी बड्स घेऊन आला. उजवा बड चार्जच होत नव्हता. तरुणाने डबीतील पितळी टोके पुसली, बडची जाळी साफ केली, दोन्ही बड्स पुन्हा जोडून पाहिले आणि मान हलवली. "बेटा, सेल गेलाय. उघडला तर तुटेल. नवाच घ्यावा लागेल." त्या कामाचे त्याने पैसे घेतले नाहीत. कसले घेणार?

या दोन गिऱ्हाइकांत साऱ्या धंद्याचे चित्र आले.

वायरच्या हेडफोनची गोष्ट जुनी आहे. त्याची पिन मूळची टेलिफोन एक्सचेंजमधली. एकोणिसाव्या शतकात ऑपरेटर एकाची लाईन दुसऱ्याला जोडण्यासाठी जी जाड पिन खोचत, तिचेच लहान रूप म्हणजे आजची साडेतीन मिलिमीटरची पिन. १९१० साली अमेरिकेतील नॅथॅनिएल बाल्डविन या माणसाने हाताने बनविलेले हेडफोन तेथील नौदलाने विकत घेतले. १९५८ मध्ये जॉन कॉस यांनी गाणी ऐकण्यासाठी स्टिरिओ हेडफोन आणला. १९७९ मध्ये जपानच्या सोनी कंपनीचा वॉकमन बाजारात आला आणि चालता चालता ऐकण्याची सवय जगाला लागली. आमच्या पिढीने वॉकमन पाहिला तो बहुधा आखातातून सुट्टीवर आलेल्या एखाद्या नातेवाईकाच्या कमरेला!

ब्लूटूथची सुरुवात १९९४ साली स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत झाली. नाव दिले दहाव्या शतकातील एका डॅनिश राजाचे. खरी उलथापालथ मात्र २०१६ ची. त्या वर्षी सप्टेंबरात ॲपलने आयफोन ७ मधून हेडफोनचे भोक काढून टाकले आणि त्याच वेळी एअरपॉड जाहीर केले. भोक बुजवले आणि बिनवायरीची वस्तू वेगळी विकली, असे कुणी म्हटले तर ते चूक ठरणार नाही. पुढे इतर कंपन्यांनीही महाग फोनमधून भोक काढले. कमी किमतीच्या अनेक फोनमध्ये मात्र ते आजही आहे आणि खेड्यातील दुकानात वायरला गिऱ्हाईक आहे ते त्यामुळेच.

आता गुणदोष. त्याच किमतीत आवाज कुणाचा चांगला, असे विचाराल तर आमचे उत्तर वायर असे आहे. वायरमध्ये पैसा पडद्यावर आणि तांब्यावर खर्च होतो. बड्समध्ये त्याच पैशात दोन सेल, चार्जिंगची डबी, चिप आणि ॲन्टेना बसवावी लागते, मग पडद्यासाठी उरते काय? शिवाय ब्लूटूथ आवाज दाबून, लहान करून पाठवतो. आवाज थोडा उशिरानेही पोचतो, साध्या बड्समध्ये सेकंदाच्या दहाव्या ते चौथ्या हिश्श्याइतका. गाणे ऐकताना ते कळत नाही. व्हिडिओचे ॲप बहुधा चित्र तेवढेच मागे ठेवून घेते. पण मोबाईलवर गेम खेळणारा मुलगा दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन येतो. दुकानदाराने विकतानाच विचारावे, गेम खेळतोस का? खेळत असेल तर वायर द्यावी.

वायरचा आणखी एक उपयोग तरुणांना माहीत नसतो. मोबाईलमधील एफएम रेडिओला ॲन्टेना लागते आणि ते काम हेडफोनची वायर करते. वायर काढली की रेडिओ खरखरतो किंवा सुरूच होत नाही. बारामतीत विद्या प्रतिष्ठानची वसुंधरा वाहिनी ९०.४ वर लागते. तिच्या लहरी पोचतात तेथील शेतकऱ्याला डेटा न जाळता ती ऐकायची असेल तर बड्सचा काही उपयोग नाही. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने मोबाईल कंपन्यांना फोनमधील एफएम बंद ठेवू नये असे कळविले होते. वयस्क गिऱ्हाइकाला ही गोष्ट सांगितली की शंभर-दीडशेचा हेडफोन सहज विकला जातो, हा त्या तरुणाचा अनुभव.

बड्सचे फायदेही मान्य केलेच पाहिजेत. वेल्डिंग करणारा, लेथवर काम करणारा किंवा शिलाई मशीनवर बसलेला कारागीर यांना लोंबणारी वायर गैरसोयीची असते आणि फिरत्या मशीनजवळ तर धोक्याची! तेथे बिनवायरीचेच योग्य. फोन एका टेबलावर ठेवून चार पावले हिंडता येते. पण दोन्ही कान बंद करून ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल चालविणे, मग वायर असो वा नसो, जिवाशी खेळ आहे. उसाच्या दोन ट्रॉल्यांमागून वाजलेला हॉर्न कानात बड असलेल्या ड्रायव्हरला ऐकू येईल का?

वायर कशी दुरुस्त होते

आमच्या नवशिक्या कारागीर बंधूंसाठी थोडे तपशिलाने लिहितो. हेडफोनची वायर बहुधा दोनच जागी तुटते. एक, पिनेच्या मानेपाशी आणि दुसरी, कानातल्या बोंडाच्या बुडाशी. आतील तारा केसाएवढ्या बारीक, नायलॉनच्या धाग्याभोवती गुंडाळलेल्या आणि रंगीत वॉर्निश चढवलेल्या असतात. अनेक मुले नुसते सोल्डर लावतात आणि जोड धरत नाही म्हणून कंटाळतात. वॉर्निश आधी जाळावे लागते. तारेचे टोक क्षणभर ज्योतीत धरावे किंवा फ्लक्समध्ये बुडवून तापल्या कैय्याने घासावे, मग सोल्डर धरते. बहुधा हिरवी डाव्या कानाची, लाल उजव्या कानाची आणि तांबूस ती अर्थिंगची. तरी रंगावर विसंबू नये, मल्टिमीटर लावावा. माईकच्या पिनेवर चार कप्पे असतात. टोक डावे, पुढचा कप्पा उजवा, तिसरा अर्थिंग आणि शेवटचा माईक. जुन्या काही फोनमध्ये शेवटचे दोन उलट असत. तेथे आवाज पोकळ येतो आणि माईक चालत नाही. गिऱ्हाईक म्हणतो हेडफोन खराब, प्रत्यक्षात जोडणी वेगळी असते.

बड्समध्ये असे हात चालवायला जागाच नाही. बडमधील सेल साधारण तीस ते साठ एमएएचचा, हरभऱ्याच्या दाण्याएवढा. कवच डिंकाने किंवा यंत्राने कायमचे चिकटवलेले. लिथियमचा सेल साधारण तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण चार्ज झाला की त्याची ताकद ठळकपणे उतरते. रोज वापरणाऱ्याचे बड्स म्हणूनच दोन-तीन वर्षांत थकतात. आमचेच उदाहरण सांगतो. आम्ही घेतलेल्या बड्सपैकी डावा दीड वर्षात अर्ध्या तासावर आला. कंपनीच्या सेवा केंद्रात गेलो तर उत्तर मिळाले, "दुरुस्ती होत नाही, नव्यावर सूट देतो." उजवा अजून ठणठणीत आहे आणि तो आमच्या टेबलाच्या खणात पडून आहे.

अर्थात हे अशक्य आहे असे नाही. फेअरफोन या डच कंपनीने २०२४ मध्ये असे बड्स आणले की ज्यांतील आणि डबीतील सेल गिऱ्हाईक स्वतः बदलू शकतो. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी कायद्यानुसार फेब्रुवारी २०२७ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या लहान उपकरणांतील बॅटरी, काही अपवाद सोडल्यास, वापरणाऱ्याला काढता येईल अशी हवी. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, पण पणदऱ्यासारख्या गावातील कारागिराच्या हाती बडचा सुटा सेल त्यातून आलेला आम्ही पाहिला नाही.

मधला मार्ग म्हणजे नेकबँड, गळ्यात अडकवायचा पट्टा. खेड्यात याला नुसते 'ब्लूटूथ' म्हणतात. त्याचा सेल मोठा असतो, पट्टा स्क्रू किंवा क्लिप काढून बहुधा उघडतो, चार्जिंग पिन बदलता येते आणि एक कान हरवण्याची भीती नाही. ज्यांचा दुरुस्तीचा हात आहे त्यांनी बड्सपेक्षा नेकबँडकडे अधिक लक्ष द्यावे असे आमचे मत आहे.

भांडवलाचा हिशेब

समजा सात हजार रुपये आहेत. त्यात सातशेचे दहा बड्स येतील किंवा सत्तरचे शंभर हेडफोन. बड्स साडेआठशेला विकले तर दहा नगांवर दीड हजार सुटतात. हेडफोन एकशे वीसला विकले तर शंभर नगांवर पाच हजार. शंभर नग जायला वेळ लागेल हे खरे, पण दहापैकी दोन बड्स परत आले आणि घाऊकवाल्याने बदलून दिले नाहीत तर चौदाशे रुपये गेले, म्हणजे दीड हजारांचा नफा जवळजवळ साफ! त्यातच गिऱ्हाईक मोबाईलवर ऑनलाईन सेलचा भाव दाखवून म्हणतो, "भाई, इथं तर तुमच्यापेक्षा स्वस्त आहे." मोठ्या कंपनीच्या भावाशी आपण झुंजू शकत नाही. आपल्याजवळ आहे ती लगेच मिळणारी वस्तू आणि दुरुस्ती.

एक अडचण नवी आहे. भोक नसलेल्या फोनसाठी टाईप-सी ते साडेतीनची जोडपिन विकली जाते. स्वस्त जोडपिन नुसती तार असते आणि जे फोन टाईप-सीतून तयार आवाज देतात त्यांच्यावरच ती चालते. बाकीच्या फोनना आत चिप असलेली जोडपिन लागते. दिसायला दोन्ही सारख्याच! दुकानात दोन्ही ठेवाव्यात आणि गिऱ्हाइकाच्या फोनला लावून, वाजवून मगच पैसे घ्यावेत.

सर्वांत गंभीर गोष्ट नकली मालाची. नामांकित कंपनीचे नाव छापलेले बड्स तीनशे-चारशेला मिळतात आणि आमचे काही बंधू ते "फर्स्ट कॉपी" म्हणून उघड विकतात. फर्स्ट कॉपी म्हणजे नक्कलच. ट्रेडमार्क कायदा १९९९ नुसार असा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. छापा पडतो तो गल्लीतील दुकानावर, माल बनविणारा दूर राहतो. वायरलेस इअरफोनसाठी भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. खोक्यावर आयएस क्रमांक आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक, छापील किंमत, आयातदाराचे नाव व पत्ता आणि कोणत्या देशात बनले हे पाहूनच माल उचलावा. घाऊकवाल्याकडून पक्के बिल घ्यावे. "बिलाविना दहा रुपये कमी" या मोहात पडलेल्याजवळ छाप्याच्या दिवशी दाखवायला काहीच नसते.

दुकानातील आणखी एक पद्धत बदलायला हवी. नमुन्याचे बड्स या कानातून त्या कानात फिरतात. रबराची टोपी प्रत्येक वेळी स्पिरिटने पुसावी. आवाजाबाबतही गिऱ्हाइकाला एक शब्द सांगावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात चाळीस तासांपर्यंत सुरक्षित आहे, ९० डेसिबलचा मात्र चारच तास. फोनचा आवाज साठ टक्क्यांच्या खाली ठेवावा असा सल्ला ती संघटना देते.

मेलेले बड्स आणि फुगलेले सेल कचऱ्यात टाकू नयेत, शेकोटीत तर मुळीच नको. लिथियम पेट घेतो. त्या तरुणाने दुकानाच्या बाहेरच्या बाजूला वाळू घातलेला पत्र्याचा डबा ठेवला आहे. डबा भरत आला की बारामतीला माल भरायला जाताना तो बरोबर नेतो आणि अधिकृतपणे ई-कचरा घेणाऱ्याकडे देतो. आम्ही निघालो तेव्हा त्या विद्यार्थ्याने आपला मुका बड त्याच डब्यात टाकला होता आणि दुसऱ्याचे काय करावे ते विचारीत उभा होता.