हुकूम आणि हिशेब

२६ जुलै १९०२ या दिवशी करवीर संस्थानच्या गॅझेटात एक हुकूम प्रसिद्ध झाला. तो काढणारे राजर्षी शाहू छत्रपती त्या वेळी कोल्हापुरात नव्हते. सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहण-समारंभासाठी ते विलायतेस गेले होते. राजा साता समुद्रांपलीकडे होता. परंतु त्याचा शब्द संस्थानच्या कचेऱ्याकचेऱ्यांत पोहोचला.

या हुकमामागे आठ वर्षांचा अनुभव होता. १८९४ साली महाराजांनी राज्याची सूत्रे हाती घेतली, तेव्हा राज्यकारभारातील ७१ जागांपैकी ६० जागांवर एकट्या ब्राह्मण समाजातील माणसे होती. शिक्षणच मूठभर घरांत कोंडले गेले होते, मग कचेरीत दुसरे कोण दिसणार? शेतकरी, कारागीर, अस्पृश्य मानले गेलेले लोक सारा भरीत. पण कारभारात त्यांना जागा नव्हती.

आता हुकमाची भाषा पाहा. ‘मागासलेल्यांचे कल्याण करू’ एवढेच म्हणून महाराज थांबले नाहीत. तुमच्या शाळेतील एखादा वर्गमंत्री ‘मी मैदान सुंदर करीन’ असे म्हणाला, तर वर्षअखेरीस त्याला जाब कसा विचारणार? ‘दर शनिवारी मैदान झाडून घेईन’ असे तो म्हणाला, तर शनिवार मोजता येतात. महाराजांचा हुकूम या दुसऱ्या जातीचा होता. हुकूम पोहोचल्यापासून ज्या जागा रिकाम्या होतील, त्यांपैकी शेकडा ५० मागासलेल्या वर्गांतून भराव्यात, असे त्यात होते. मागासलेले वर्ग कोणते, हेही सांगितले होते. ‘रिकाम्या होतील’ हे शब्द विशेष ध्यानात घ्या. नोकरीवर असलेल्या कोणालाही काढायचे नव्हते. बदल हळूहळू होणार होता. पण होईल तो टिकणार होता.

हुकमाच्या अखेरीस आणखी एक साधे वाक्य आहे. केलेल्या सर्व नेमणुकांचा तक्ता प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी सरकारकडे पाठवावा. माझ्या मते सगळ्या हुकमाचा प्राण या वाक्यात आहे. वरिष्ठांचा हुकूम मान डोलावून ऐकणे आणि नंतर फडताळात ठेवून देणे, ही कचेऱ्यांची जुनी सवय. आता मात्र दर तीन महिन्यांनी आकडे लिहावे लागणार होते, आणि आकड्यांपुढे सबबी फार काळ टिकत नाहीत.

जागा राखून ठेवल्या, तरी त्या भरण्यास शिकलेली माणसे हवीत, हे महाराज जाणून होते. म्हणून हुकमाच्या आदल्याच वर्षी, १९०१ साली, कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. पुढे जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांतील मुलांसाठी वसतिगृहे निघाली. खेड्यातल्या पोराला शहरात राहण्यास छप्पर मिळाले. हुकमावर कडक टीकाही झाली. महाराजांनी तो मागे घेतला नाही. १९१२ साली राज्यकारभारातील ९५ जागांपैकी ब्राह्मण ३५ होते, बाकीच्या जागांवर इतर समाजांतील माणसे आली होती.

१९१७ साली महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरला. दंड घ्यायचा म्हटले म्हणजे गावात आधी शाळा हवी. तेव्हा ही सक्ती जितकी पालकांवर, तितकीच ती राज्यावरही होती.

सर्वच संकल्प मात्र त्यांच्या हयातीत पुरे झाले नाहीत. संस्थानातील शेतीला पाणी मिळावे म्हणून महाराजांनी भोगावती नदीवर राधानगरी येथे धरण बांधावयास घेतले होते. काम मोठे आणि संस्थानचा खजिना लहान. पैसा अपुरा पडला, आणि १९१८ च्या सुमारास काम थांबले. ६ मे १९२२ रोजी महाराज निवर्तले, तेव्हा धरणाची अपुरी भिंत नदीच्या पात्रात उभी होती. काय झाले आणि काय राहिले, हे येणाऱ्याजाणाऱ्या कोणालाही तेथे दिसत असे. उरलेले काम स्वातंत्र्यानंतर पुरे झाले, आणि त्या धरणाचे पाणी आजही जिल्ह्यातील उसाच्या व भाताच्या शेतांत खेळते आहे.