दिवाणखान्यातील चित्रपटगृह आणि आवाजाची वाट

दुकान वाढवून मंडळी घरी परतली, मुलांचा अभ्यास आटोपला, की तीन पिढ्या एकत्र बसतात त्या दिवाणखान्यातील पडद्यासमोर. पन्नास-पंचावन्न इंचांचा टीव्ही, त्याला जोडलेला स्ट्रीमिंग बॉक्स किंवा स्टिक आणि खाली लांबट साउंडबार, हे दृश्य आता अनेक घरांत परिचयाचे झाले आहे. चित्राविषयी सारेच समाधानी असतात. तक्रार असते ती आवाजाची. घरातील ज्येष्ठ म्हणतात, “गाणी मोठ्याने ऐकू येतात, पण माणसे काय बोलतात ते कळत नाही.” आवाज वाढवावा तर पार्श्वसंगीत कानठळ्या बसवते आणि कमी करावा तर संवाद नाहीसे होतात. मग आणखी महागडा साउंडबार आणण्याचे घाटू लागते. वास्तविक पुष्कळ घरांत साउंडबार निर्दोष असतो. बॉक्समधून निघालेला आवाज ज्या वाटेने स्पीकरपर्यंत पोहोचतो, ती वाटच अपुरी निवडलेली असते. म्हणून यंत्रावर पुन्हा पैसे घालण्यापूर्वी या वाटेचा विचार करणे हिताचे ठरते.

आवाजाचा हिशेब

डिजिटल आवाज म्हणजे आकड्यांची रांग. एका सेकंदात ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि डावा व उजवा असे दोन मार्ग धरले, तर सेकंदाला १५,३६,००० बिट होतात. अशा न आवळलेल्या आवाजाला ‘पीसीएम’ म्हणतात. होम थिएटरच्या ‘५.१’ रचनेत समोर डावा, मधला व उजवा, मागे दोन आणि खर्जासाठी सबवूफर, असे सहा मार्ग असतात. सहाही मार्ग याच हिशेबाने न आवळता पाठवायचे तर सेकंदाला ४६,०८,००० बिट लागतील. म्हणून डॉल्बी डिजिटलसारख्या पद्धतींनी आवाज आवळला जातो. डॉल्बी डिजिटलमध्ये हाच सहा मार्गांचा आवाज सेकंदाला कमाल ६,४०,००० बिटांत बसवता येतो.

सन २०१२ मध्ये चित्रपटगृहांत डॉल्बी अ‍ॅटमॉस आले आणि पुढे ते घरांतही पोहोचले. त्यात आवाज डोक्यावरूनही येतो असा भास निर्माण होतो. इंटरनेटवरून येणारे अ‍ॅटमॉस बहुतेक वेळा ‘डॉल्बी डिजिटल प्लस’ या आवळलेल्या रूपात असते. नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये आपल्या आवाजाचा दर्जा वाढवला, तेव्हा अ‍ॅटमॉससाठी जाहीर केलेली कमाल मर्यादा सेकंदाला ७,६८,००० बिटांची होती. हा आकडा ध्यानात ठेवावा. दुकानात ‘यासाठी सर्वांत नवी जोडणीच हवी’ असे सांगितले जाते, तेव्हा तो उपयोगी पडतो.

ऑप्टिकल केबल: जुनी, प्रामाणिक, मर्यादित

प्रकाशाच्या साहाय्याने आवाज वाहणारी ऑप्टिकल जोडणी तोशिबा कंपनीने १९८३ मध्ये आणली. टीव्हीच्या मागे चौकोनी तोंडाची, आत लाल उजेड दिसणारी जी खाच असते, ती हीच. दोन मार्गांचा पीसीएम किंवा डॉल्बी डिजिटलचा सहा मार्गांचा आवाज ती व्यवस्थित नेते. डॉल्बी डिजिटल प्लस मात्र तिच्या नियमांत बसत नाही. बिटांची संख्या कमी असूनही त्याची बांधणी निराळी आहे. माल हलका असला तरी खोके दारातून आत जात नसेल तर उपयोग काय, तसाच हा प्रकार आहे. परिणामी अ‍ॅटमॉसचा साउंडबार ऑप्टिकलने जोडला, तर अ‍ॅटमॉससाठी मोजलेले पैसे केबलच्या टोकाशीच वाया जातात.

असे असले तरी ऑप्टिकल केबल टाकाऊ नाही. तिच्यातून वीज वाहत नाही. त्यामुळे अर्थिंगच्या दोषाने किंवा केबलवाल्याच्या तारेतून येणारी घुमघुम या मार्गाने स्पीकरपर्यंत पोहोचत नाही. जुने मराठी चित्रपट, बातम्या, प्रवचनांची ध्वनिमुद्रणे हा मजकूर बहुतांशी दोनच मार्गांचा असतो. त्यासाठी ऑप्टिकल पुरेशी आहे. एक अडचण तेवढी राहते. ऑप्टिकलने जोडलेल्या साउंडबारचा आवाज टीव्हीच्या रिमोटने सहसा कमी-जास्त होत नाही, दुसरा रिमोट हाताशी ठेवावा लागतो. वयस्कर मंडळींना हा त्रास रोजचा होतो.

एआरसी आणि ईएआरसी

एचडीएमआयच्या १.४ या आवृत्तीत, २००९ मध्ये, ‘ऑडिओ रिटर्न चॅनेल’ म्हणजेच एआरसीची सोय आली. बॉक्स टीव्हीला जोडायचा आणि टीव्हीने तोच आवाज दुसऱ्या एचडीएमआय केबलने साउंडबारकडे परत पाठवायचा, अशी ही व्यवस्था आहे. साधारणपणे टीव्हीच्या एकाच खाचेवर ‘एआरसी’ असे लिहिलेले असते आणि साउंडबारची केबल तिथेच लावावी लागते. शेजारच्या खाचेत लावली तर साउंडबार मुका राहतो आणि दोष यंत्रावर येतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘सीईसी’ची सोयही चालू असावी लागते. सॅमसंग तिला एनीनेट प्लस म्हणते, एलजी सिंपलिंक आणि सोनी ब्राव्हिया सिंक. ही सोय चालू केली की आवाजासाठी एकच रिमोट पुरतो.

डॉल्बी डिजिटल प्लस एआरसीवरून जाऊ शकते आणि त्याच रूपातले अ‍ॅटमॉसही. त्यासाठी टीव्हीने ते रूप पुढे सोडले पाहिजे आणि साउंडबारला ते उलगडता आले पाहिजे. म्हणजे स्ट्रीमिंगवरचे नेहमीचे अ‍ॅटमॉस साध्या एआरसीवरही ऐकता येते.

पुढची पायरी ईएआरसीची. ती एचडीएमआय २.१ बरोबर २०१७ मध्ये जाहीर झाली. आठ मार्ग, प्रत्येकी २४ बिट आणि सेकंदाला १,९२,००० नमुने असा हिशेब केला तर ३,६८,६४,००० बिट होतात. ईएआरसीची क्षमता साधारण एवढी आहे. न आवळलेला, अनेक मार्गांचा आवाज तिच्यातून जातो. ब्लू-रे तबकड्या लावणाऱ्या घरांना तिचा खरा लाभ होतो. केवळ स्ट्रीमिंग पाहणाऱ्यांनी तेवढ्यासाठी चालू स्थितीतला टीव्ही बदलण्याचे कारण नाही.

बॉक्सचा स्वभाव ओळखावा

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. फायर टीव्ही स्टिकसारखी साधने आवळलेला आवाज जसाच्या तसा पुढे पाठवू शकतात. अ‍ॅपल टीव्ही ४के मात्र आवाज सहसा स्वतःच उलगडून, अनेक मार्गांच्या पीसीएमच्या रूपात पाठवतो. हे रूप साध्या एआरसीला पेलत नाही. त्यामुळे काही घरांत महाग बॉक्स आणल्यावर पूर्वीपेक्षा साधा, दोनच मार्गांचा आवाज ऐकू येऊ लागतो. अशा वेळी बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘डॉल्बी डिजिटल ५.१’ निवडले की सहा मार्ग पुन्हा मिळतात. अ‍ॅटमॉस खात्रीने हवे असेल तर ईएआरसीची जोडणी ठेवावी किंवा बॉक्स थेट अ‍ॅटमॉस जाणणाऱ्या रिसीव्हरला किंवा साउंडबारच्या एचडीएमआय खाचेला जोडावा.

जुन्या बॉक्सचा प्रश्न वेगळा. पहिल्या तीन पिढ्यांच्या अ‍ॅपल टीव्हीला ऑप्टिकलची खाच होती, २०१५ च्या चौथ्या पिढीपासून ती गेली. फायर टीव्हीच्या बॉक्सचेही त्याच वर्षी तसेच झाले. म्हणून आज बॉक्सकडून थेट ऑप्टिकल न्यायचे म्हटले तर ते क्वचितच जमते. ऑप्टिकल घ्यायची ती टीव्हीकडून. आणि एचडीएमआयने आत आलेला सहा मार्गांचा आवाज काही टीव्ही ऑप्टिकलमधून दोनच मार्गांत बाहेर सोडतात, हेही जाणून असावे.

रिसीव्हर असेल तर

ज्या घरांत स्वतंत्र रिसीव्हर आणि पाच-सहा स्पीकर आहेत, तेथे बॉक्स आधी रिसीव्हरला आणि रिसीव्हर टीव्हीला जोडणे ही सरळ वाट. आवाज टीव्हीला वळसा घालून जात नाही. मात्र रिसीव्हर जुना असेल तर ‘एचडीसीपी २.२’ ही नक्कलविरोधी व्यवस्था त्यात नसण्याची शक्यता असते. तसे असल्यास ४के चित्र पुढे जात नाही, पडदा काळा राहतो किंवा चित्राचा दर्जा उतरतो. त्या वेळी चांगला रिसीव्हर मोडीत काढू नये. बॉक्स टीव्हीला जोडावा आणि टीव्हीपासून रिसीव्हरपर्यंत एआरसी किंवा ऑप्टिकल न्यावी.

वडिलांच्या काळातला दणकट स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर अजून चालू असेल तर तोही उपयोगात आणता येतो. टीव्हीच्या ऑप्टिकल खाचेपुढे डिजिटल आवाजाचे रूपांतर करणारी लहानशी डबी, म्हणजे ‘डॅक’, लावायची आणि तिच्यातून लाल-पांढऱ्या तारा अ‍ॅम्प्लिफायरला द्यायच्या. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज ‘पीसीएम’वर ठेवावा, कारण अशा साध्या डब्यांना डॉल्बी उलगडता येत नाही. तसे न केल्यास शांतता किंवा नुसती खरखर ऐकू येते.

संवाद ऐकू यावेत म्हणून

ज्येष्ठांच्या तक्रारीचे मूळ येथे आहे. ५.१ च्या आवाजात संवाद मुख्यतः मधल्या मार्गावर असतात. हा मार्ग वेगळा राहून मधल्या स्पीकरपर्यंत पोहोचला, तर तेवढाच वाढवता येतो. संगीताला धक्का न लावता माणसांचे बोलणे स्पष्ट होते. वाट अपुरी असेल तर सहा मार्ग एकत्र कालवून दोन केले जातात आणि संवाद संगीतात बुडतात. म्हणून ज्येष्ठांसाठी साउंडबार घेताना त्यात मधला मार्ग स्वतंत्र आहे का, हे प्रथम विचारावे. ‘२.१’ असे लिहिलेल्या साउंडबारमध्ये तो नसतो. तेथे जोडणी कितीही सुधारली तरी मधला मार्ग निर्माण होणार नाही. फार तर ‘व्हॉइस’ किंवा ‘नाइट’ या नावाची सोय असल्यास ती वापरून पाहावी.

रिसीव्हरला मधला स्पीकर जोडलेलाच नसेल, तर सेटिंगमध्ये तसे नोंदवावे. अन्यथा रिसीव्हर संवाद नसलेल्या स्पीकरकडे पाठवत राहतो. ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात असे होत असेल तर ब्लूटूथची जोडणी टाळावी. तारेनेही तसे घडत असेल, तर टीव्ही किंवा साउंडबारमधील आवाज-चित्र मेळाची सेटिंग तपासावी.

पैसे देण्यापूर्वी

व्यापारी कुटुंबाला खरेदीचा क्रम सांगावा लागत नाही. माल पाहिल्याशिवाय पैसे मोजायचे नाहीत, हा नियम येथेही लागू आहे. प्रथम टीव्हीच्या पाठीमागचे छायाचित्र मोबाइलवर काढून न्यावे आणि त्यावर एआरसी आहे की ईएआरसी, ते पाहावे. मग बॉक्सचे नाव सांगून साउंडबार निवडावा. घरी जोडणी झाली की टीव्ही आणि बॉक्स या दोहोंच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज ‘ऑटो’ किंवा ‘पास थ्रू’वर ठेवावा. कित्येक टीव्हींत तो मुळातच ‘पीसीएम’वर असतो आणि साध्या एआरसीवर त्यामुळे दोनच मार्ग पुढे जातात. नेटफ्लिक्सवर अ‍ॅटमॉस केवळ वरच्या दर्जाच्या योजनेत मिळते, याचीही खातरी करून घ्यावी.

शेवटी पावती तपासावी तशी एक खूण तपासावी. अ‍ॅटमॉसचे चिन्ह असलेला चित्रपट लावून साउंडबारच्या किंवा रिसीव्हरच्या पट्टीवर कोणते अक्षर उमटते ते पाहावे. बहुतेक यंत्रे ते बटणाने दाखवतात. ‘डॉल्बी अ‍ॅटमॉस’ दिसले तर वाट मोकळी आहे. ‘डॉल्बी डिजिटल’ दिसले तर सहा मार्ग पोहोचत आहेत. ‘पीसीएम २.०’ दिसले तर कुठेतरी नाडी आवळलेली आहे. जोडणारा कारागीर घरात असतानाच ही तपासणी करावी, आणि घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला समोर बसवून एखादा संवादाचा प्रसंग ऐकवावा. त्यांना प्रत्येक शब्द कळला तर आणखी खर्चाची गरज उरत नाही.