हरवलेले पूल (भाग 6) : छपराचा पूल आणि छोटी लाईन

मागच्या भागात छपराचे लाकडी पूल पाहिले. स्वित्झर्लंडमधल्या लुसर्नचा असा पूल चौदाव्या शतकातला. 1993 साली त्याचा बराच भाग आगीत गेला. अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतले असे कितीतरी पूल पुरात आणि आगीत नाहीसे झाले. त्यांचं छप्पर माणसांसाठी नव्हतं, लाकडासाठी होतं. सांध्यात पाणी मुरलं की कैची, म्हणजे पुलाचा लाकडी सांगाडा, कुजते. उघडा पूल वीसेक वर्षांत खचायचा, छपराखालचा शंभर वर्षं उभा राहायचा.

सातपुड्यात सागवानाला तोटा नाही. मग सौंसर-पांढुर्ण्याकडे असे पूल का झाले नाहीत? उत्तर जाम नदीच्या पात्रात आहे. उन्हाळ्यात नुसते गोटे आणि मधून एक धार. पावसाळ्यात मात्र डोंगरातलं पाणी एका रात्रीत उतरतं आणि मुळासकट उपटलेली झाडं घेऊन येतं. लाकडी पुलाला अशा ओंडक्याचा एक दणका पुरे. म्हणून आपल्याकडे रपटा आला: ठेंगणा, भक्कम, बहुधा बिनकठड्याचा. पूर आला की नदी त्याच्यावरून जाते, माणसं दोन्ही काठांना थांबतात, पाणी ओसरलं की गाळ ओढून बैलगाड्या सुरू. तिकडे पुलावर छप्पर, इकडे पुलावर नदी.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगावमध्ये गोटमार, म्हणजे एकमेकांवर दगडफेक, होते. तिच्या दंतकथेतलं पळून निघालेलं जोडपं याच जामच्या मधोमध सापडलं. त्या कथेत पूल नाही, हे मला फार बोलकं वाटतं. नदी ओलांडायची म्हणजे पाण्यात उतरायचं, हीच शेकडो वर्षांची रीत होती.

पुरातही न थांबणारी वाट या भागात आणली ती छोट्या लाईनने. बंगाल-नागपूर रेल्वेची नागपूर-छिंदवाडा गाडी सावनेर, लोधीखेडा, सौंसर, रामाकोना करत घाट चढायची. रूळ अवघे 762 मिलिमीटर अंतरावर. पुलावर ना छप्पर ना भिंत. खिडकीतून खाली पाहिलं तर डब्याची कड संपते तिथेच हवा, आणि तळाशी कन्हान नदीचं पाणी. गाडी हळू व्हायची, चाकांचा आवाज बदलायचा, बोलणारे गप्प व्हायचे. रेल्वेच्या पुलांच्या खांबांवर धोक्याच्या पातळीची खूण रंगवलेली असते. पावसाळ्यात तिच्यावर नजर ठेवायला रात्रंदिवस पहारेकरी नेमतात. लुसर्नच्या पुलाला छपराने जपलं, आपल्या पुलांना कंदील घेऊन जागणाऱ्या माणसांनी.

मोठी लाईन टाकण्यासाठी ही छोटी लाईन 2015 साली बंद झाली. मोठ्या लाईनचे रूळ 1676 मिलिमीटरचे, म्हणजे दुपटीहून रुंद. पण जुने पूल वापरण्यात खरी अडचण रुंदीची नव्हती, वजनाची होती. हलक्या इंजिनासाठी बांधलेले खांब आणि गर्डर आजची मालगाडी पेलू शकत नाहीत, आणि छोटी गाडी जी अवघड वळणं सहज घ्यायची ती मोठीला जमत नाहीत. म्हणून नवे पूल बांधावे लागतात. मोठी लाईन हवीच होती, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. जुन्या पुलांची मोजमापं आणि चित्रं नीट जपून ठेवली पाहिजेत, एवढाच माझा आग्रह आहे.

सौंसर आणि पांढुर्णा 2023 मध्ये छिंदवाड्यापासून वेगळे होऊन नवा जिल्हा झाले. या जिल्ह्याच्या वाचकांना विनंती: घरच्या अल्बममध्ये छोट्या लाईनच्या पुलाचा फोटो असेल तर पाठवा. मागे गाव, महिना आणि नदीला पाणी किती होतं, तेवढं लिहा.