संपातला वडापवाला

पहाटे ५.३०. निपाणी स्टँड. सोमवार, १२ एप्रिल २०२१, उद्या पाडवा. एरवी फाटकापासून लांब थांबून ‘बेळगाव, बेळगाव’ ओरडायचं, कंट्रोलर दिसला की क्रूझर पुढं काढायची, हा वडापवाल्याचा, म्हणजे खासगी गाडीतून प्रवासी नेणाऱ्याचा, शिरस्ता. आज आरटीओचा माणूसच हात करून त्याला आत घेतो. कर्नाटकातल्या सरकारी बस कर्मचाऱ्यांच्या संपाचा हा सहावा दिवस.

६.१५. गाडी भरली, सुटली. न भरता ती सुटत नाही, आणि खरी मेख इथंच आहे. परिवहन महामंडळाची बस चार माणसांसाठीसुद्धा आडगावी मुक्कामाला जायची. वडाप भरणाऱ्या रस्त्यावरच पळतं. खासगी गाड्या लावून केलेली सरकारची ‘पर्यायी व्यवस्था’ म्हणजे नुसता हायवे.

७.००. तवंदी घाट ओलांडून संकेश्वर. एक आजोबा सवलतीचं कार्ड काढतात. ‘आजोबा, ते बसमधी चालतंय.’ पूर्ण भाडं.

८.३०. बेळगाव, मध्यवर्ती बसस्थानक. चहाच्या गाड्यावर ओळखीचा कंडक्टर, साध्या कपड्यांत.

‘काय ओ, फलाट गावला म्हणायचा!’

‘तुमी आला की आमी भाईर, मामा.’

कंडक्टर हसतो, पण घोर आहेच. डिसेंबरचा संप आश्वासनांवर मिटला, सहाव्या वेतन आयोगाप्रमाणे पगार काही मिळाला नाही. सरकार ८ टक्के पगारवाढीवर अडून आहे. परिवहनमंत्री लक्ष्मण सवदी याच जिल्ह्यातल्या अथणीचे. संपाचे नेते कोडिहळ्ळी चंद्रशेखर यांना शुक्रवारी पोलिसांनी ताब्यात घेतलं, तेही बेळगावातच. शिकाऊ पोरांना तर नोकरी जायचीच धास्ती.

वडापवाल्याला संपफोड्या म्हणणं सोपं आहे. त्याला ना पगार, ना पीएफ. संप करायचा तरी कुणाविरुद्ध?

१०.०० ते २.००. एक फेरी निपाणी, एक परत. डिझेल, हत्तरगीचा टोल, गाडीचा हप्ता.

३.००. फलाटावर शुकशुकाट. बेळगाव लोकसभेची पोटनिवडणूक १७ तारखेला. एका पक्षाचा कार्यकर्ता विचारतो, उद्यापासून प्रचाराला गाडी लावतोस का? दिवसाचं भाडं ठरलेलं, डिझेल त्यांचं. वडापवाला हो म्हणायला दोन मिनिटंही घेत नाही. संपकऱ्याच्या जागेवर आणलेला माणूस त्या जागेला बांधलेला नसतो, हे आणणाऱ्याच्या कधी लक्षात येत नाही.

७.३०. शेवटची फेरी. पाडव्यासाठी गावी निघालेली माणसं, साखरेच्या गाठी, मांडीवर पोरं. निपाणीत उतरल्यावर आतल्या गावांना जायला काहीच नाही. एक बाई विचारते, ‘दादा, पुढं सोडता काय?’ एकटीसाठी गाडी परवडत नाही. तो फोन काढून तिच्या भावाला लावून देतो.

संप २१ तारखेला मागे घेतला गेला. आठवडाभरात करोनाची टाळेबंदी लागली, आणि बस व वडाप दोन्ही घरी बसले.